आक्सेलच्या मातीतला चुना

माझी मुलगी सिसेल माती जाळते. निदान तिचा मामा, माझा थोरला भाऊ आक्सेल, चारचौघांत तिची ओळख तशीच करून देतो. इथे पश्चिम जुटलंडात, गावाजवळच्या संशोधन केंद्रात ती शेतजमिनीतला सेंद्रिय कर्ब मोजते. मातीतली मुळं चिमट्याने वेचायची, माती वाळवून दळायची, भट्टीत जाळायची आणि निघणारा वायू यंत्राने मोजायचा. कामात अ‍ॅसिड असतं, म्हणून ती घरी आली की मी आधी तिचे हात बघते.

जमीन नांगरली नाही तर कुजलेल्या मुळा-पाल्याचा कर्ब मातीतच टिकतो, म्हणून बारा वर्षांपूर्वी आक्सेलने नांगर विकला. "आळशाला निमित्त मिळालं," असं लोक म्हणाले. तेव्हा त्याच्या मातीत कर्ब १.८ टक्के होता, यंदा २.९ आला. शनिवारी गावच्या सभागृहात आकडा सांगायचा म्हणून त्याने नवा शर्टही घेतला.

गुरुवारी मी आक्सेलकडे होते, तेव्हा सिसेल त्याच्या स्वयंपाकघरात त्याच्याच शेतातली माती घेऊन आली. बशीत ओतून तिने वर अ‍ॅसिडचा थेंब टाकला. माती फसफसली.

"मामा, हा चुना. पणजोबांनी शेतात चुनखडीची माती पसरली होती ना, तिचे खडे. भट्टीत त्यांचाही वायू निघतो, यंत्राला फरक कळत नाही. तुझी जुनी मोजणी वेगळ्या पद्धतीची, तिच्यात चुना धरत नसत. मी चुना काढून परत मोजलं. २.१."

"हे तुला पुढच्या आठवड्यात नसतं का कळलं?"

"आज कळलं."

"भाचीच ना गं तू माझी?"

"म्हणून तर आधी तुझ्याकडे आले."

मी कॉफी ओतत राहिले. भावाकडे बघवेना. तो उठून बाहेर गेला, आणि शनिवारपर्यंत त्याचा फोन आला नाही.

सभागृहात तो नव्या शर्टातच उभा राहिला. "दोन पूर्णांक एक."

"गेल्या आठवड्यात तर तीनच्या घरात होतास!" शेजारचा क्रेस्टेन मागून ओरडला. "बाकीचा प्यायलास काय?"

सगळे हसले. आक्सेलही हसला.

"बाकीचा आजोबांचा चुना होता. भाचीने काढून दाखवला. तीन दशांश माझे, आणि ते अस्सल आहेत. तुझ्याही आजोबांनी चुनखडी टाकलीच होती, क्रेस्टेन. तुझे किती अस्सल?"

सभा संपल्यावर क्रेस्टेनच सिसेलजवळ आला. "पोरी, सोमवारी माझी माती आणू का?"

"आणा की. पण आकडा आवडेलच असं नाही."

त्याच्यामागे आणखी चौघे उभे होते. मी तिचा कोट हातात धरून दाराशी थांबले. घरी जायची मला अजिबात घाई नव्हती.