घरचं वळण

सेनन गॅलविन रेडिओ ऐकायचा, पण करमणूक म्हणून नव्हे, पाळत ठेवायला. संध्याकाळचा चहा झाला की शेगडीजवळ खुर्ची ओढायची, बहिणीनं, टीसीनं, रेडिओच्या काचेवर नखरंगाचा ठिपका दिला होता तिथवर काटा न्यायचा आणि कान टवकारून बसायचं. फिडलवर कुणी जिग धरली, बासरीवर कुणी रील धरला, नाचाची कुठलीही चाल लागली, की याच्या कपाळाला आठी पडलीच. "ही उचललेली. ही तर आपल्या पुलापलीकडच्यांची. आणि हा गाढव बघ, पोलीस मागे लागल्यासारखा वाजवतोय!" आयर्लंडातल्या आमच्या पश्चिम क्लेअरात संगीत ऐकलं की माणसांचे पाय ठेका धरतात. सेननचा हात फोनकडे जायचा.

आमच्या इथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर फोन घ्यायला डिम्फना नावाची मुलगी होती. गोड बोलणारी, पण वस्ताद.

"बोला गॅलविनकाका, आज कुणी चोरलं?"

"काका म्हणू नकोस! मी कुणाचा काका-बिका नाही!"

"बरं काका," असं म्हणून ती तक्रार ऐकून घ्यायची, आणि हा फोन आपटायचा. हे कित्येक वर्षं चाललं होतं.

हा पहारा कशासाठी, ते गावाला ठाऊक होतं. सेननचा बाप पॅकी यानं तरुणपणी एक जिग बांधली होती. जिगचा दुसरा भाग असतो त्याला आम्ही वळण म्हणतो. पॅकीच्या जिगला वळणं दोन होती. एक घरचं, एक पाहुण्यांचं. घरच्या वळणात सूर वर चढायचा आणि दारात कुणी दिसल्यासारखा क्षणभर थबकायचा. पाहुण्यांच्या वळणात तो मुकाट खाली उतरायचा. पॅकीची एक जुनी चाल कुणा सोबत्यानं स्वतःच्या नावावर वाजवून बक्षीस मारलं होतं. तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेला पॅकी ताकही फुंकून प्यायचा. टीसी, सेनन आणि मार्टी या तिन्ही लेकरांना त्यानं बजावलं होतं, घरचं वळण उंबऱ्याबाहेर जाता कामा नये.

पॅकी गेला आणि डब्लिनहून एकजण टेपचं यंत्र घेऊन गावोगावच्या चाली गोळा करत आला. भावंडांनी त्याला चहा पाजला, ब्रेड-लोणी खाऊ घातलं आणि पाहुण्यांचं वळण वाजवून दाखवलं. तो खूश होऊन गेला. पण दुसऱ्या दिवशी सेननला त्याच माणसाच्या गाडीतून मार्टी उतरताना दिसला. झालं! त्या संध्याकाळी भरल्या पबमध्ये सेनन धाकट्या भावाला म्हणाला, "घरचं वळण कितीला विकलंस?"

मार्टी पांढराफटक पडला. "माझ्या हातून ती चाल पुन्हा वाजणार नाही," एवढंच म्हणाला. घरी येऊन त्यानं फिडल खिळ्याला टांगलं आणि सकाळच्या बसनं निघाला तो थेट इंग्लंडात, कोवेंट्रीला. पहिली काही वर्षं टीसीच्या नावानं नाताळचं कार्ड यायचं. मग तेही थांबलं. टीसीनं पाठवलेलं पत्रही परत आलं.

तेव्हापासून सेनन वाट बघत होता. त्यानं विकलं असेल तर आज ना उद्या रेडिओवर वाजेलच. वाजलं की आपण खरे. आणि वाजलंच नाही तर? तर काय, याचा विचार तो करत नसे. काटा जरा पुढे सरकवायचा.

आयरिश भाषेची वाहिनी सुरू झाली तेव्हा टीसीनं टीव्ही आणला. सेननला तोही संशयास्पद. "रेडिओ निदान नुसता बोलतो. हे यंत्र आपल्याकडे बघतं." पण तिथे आठवड्याला गाण्याबजावण्याचा कार्यक्रम लागतो म्हटल्यावर स्वारी गुपचूप खुर्ची फिरवून बसू लागली.

एके दिवशी कार्यक्रमाच्या तोंडालाच चित्रात मुंग्या आल्या. सेनन बाहेर जाऊन अँटेनाचा खांब फिरवायला लागला आणि टीसी खिडकीतून ओरडायला लागली, "आलं! गेलं! अरे आलं होतं की! हां, तसाच धर!" या गोंधळात वाजवणारीचं नाव दोघांनीही ऐकलं नाही. सेनन आत आला तेव्हा पडद्यावर आखूड केसांची एक मुलगी मांडीवर कॉन्सर्टिना, ती छोटी भात्याची पेटी, घेऊन बसली होती, आणि निवेदक सांगत होता की आता एक बिननावाची जिग ऐकू या.

मुलीनं सुरुवात केली आणि टीसीच्या हातातला कप तिथेच थांबला. पॅकीची जिग! पहिला भाग दोनदा झाला. मग वळण आलं. सूर वर चढला आणि थबकला.

"बघ! बघ!" सेनन किंचाळला. "मी काय सांगत होतो? विकलं त्यानं! आणि बिननावाची म्हणे! बापाचं नाव पुसून टाकलं मेल्यांनी!" असं म्हणत त्यानं टीव्हीचा प्लगच उपटला.

"अरे मूर्खा! ती बोलायला लागली होती! काहीतरी सांगत होती ती!"

"चोराचं काय ऐकायचं?"

सेनन खरा ठरला होता. आनंद व्हायला हवा होता. पण सकाळपर्यंत त्याच्या डोक्यात नवाच किडा वळवळू लागला. मार्टीनं टेपवाल्याला विकलं असेल तर ते फिडलवर. ही पोर वाजवते कॉन्सर्टिनावर, तेही टीसीसारखीच, सूर जरा ओढून. आणि दर बुधवारी शाळेत पोरींना कॉन्सर्टिना कोण शिकवतं?

"टीसी," न्याहारीला तो म्हणाला, "शाळेत काय काय शिकवतेस गं?"

टीसी त्याच्याहून मोठी. तिला त्याच्या पोटातलं ओठावर यायच्या आधीच कळायचं. तिनं ब्रेडची सुरी खाली ठेवली. "पाऊस होता म्हणून मार्टी त्या गाडीत बसला होता. तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. एका भावाला घालवलंस, आता बहिणीलाही घालव. मग बस भांडत त्या रेडिओशी."

पण संशयाला औषध नाही. बुधवारी साहेब शाळेच्या मागच्या खिडकीखाली खाजऱ्या झुडपात दबा धरून बसले. आत पोरी पॅकीचीच जिग वाजवत होत्या. वळण आलं आणि सूर मुकाट खाली उतरला. कुणीतरी चिमुरडी म्हणाली, "मिस, इथे वर गेलं तर जास्त छान नाही का वाटणार?"

मग टीसीचा आवाज आला. "छान वाटेल गं. पण नको. आपण खालीच जायचं."

सेनन हातापायाला खाज सुटेपर्यंत तिथेच बसून राहिला. त्याला लाज वाटली, सपाटून वाटली. घरी आल्यावर त्यानं न सांगता भांडी घासली. टीसीनं ती न बोलता पुन्हा घासली.

रविवारी संध्याकाळी सवयीनं काटा ठिपक्यावर गेला. निवेदिका म्हणाली, "आज आपल्या स्टुडिओत आल्या आहेत कोवेंट्रीच्या बर्नडेट गॅलविन."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "या खेपेला हात मांडीखाली घालून बस," टीसी म्हणाली. तो खरोखरच तसा बसला.

"टीव्हीवर तुम्ही वाजवलीत ती जिग तुम्हाला कुणी शिकवली?" निवेदिकेनं विचारलं.

"माझ्या बाबांनी. पण त्यांनी ती कधी वाजवली नाही. हातानं वाजवणार नाही असं कुणाला तरी सांगून आले होते म्हणे. ते मला झोपवताना गुणगुणायचे. पुढे मी कॉन्सर्टिना घेतली की खोलीबाहेर जायचे आणि दाराआडून ओरडायचे, 'चुकलीस! वर चढ, आणि थांब!'"

"आणि नाव?"

"विचारलं की म्हणायचे, नाव सांगायचा मला हक्क राहिला नाही. म्हणून मी बिननावाची म्हणते. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. त्या आधी एकदा म्हणाले होते, या चालीला दोन वळणं आहेत, एक घरचं, एक पाहुण्यांचं. मी विचारलं, मग मला कुठलं शिकवलंत? तर म्हणाले, वेडे, तू काय पाहुणी आहेस?"

टीसीनं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. सेननचे हात अजून मांडीखालीच होते.

"इथे नातेवाईक असतील की तुमचे?"

"एक आत्या आहे, एक काका आहेत, असं ऐकलंय. पण जावं की नाही कळत नाही. बाबांवर राग होता त्यांचा. मला दारात तरी उभं करतील की नाही, कोण जाणे."

मग तिनं वाजवली. वळण आलं, सूर वर चढला, थबकला, आणि यावेळी प्लग कुणी उपटला नाही.

"वळणाचं पाणी वळणावरच गेलं रे, सेनन," टीसी रडत म्हणाली.

"त्यानं विकलं नव्हतं," सेनन म्हणाला. "टीसी, माझ्या भावानं विकलं नव्हतं गं. आणि मी त्याला सगळ्या गावासमोर..." तो उठला. खिळ्यावरच्या फिडलखाली थोडा वेळ उभा राहिला. मग फोनकडे गेला.

"बोला गॅलविनकाका," डिम्फना म्हणाली. "आज कुणी चोरलं?"

पलीकडून नेहमीचं ओरडणं आलं नाही, तशी ती चपापली. "काका? बरं आहे ना?"

"ती पोरगी," सेनननं घसा खाकरला, "ती निघाली का?"

"कोट घालतेय. का हो? तिच्याबद्दल तक्रार आहे का?"

"तिला थांबव," सेनन म्हणाला. "सांग, तिच्या काकाचा फोन आहे."