माझी फील्ड पट्टी कुठं होती

आमची पलटण बर्फाच्या डोंगरावर चढली तेव्हा मी लान्सनायक होतो. पोस्टवर अकरा जण. साडेपाचला उठायचं, सहाला चहा, साडेसहाला हत्यार साफ, सातला पेट्रोल. पेट्रोल म्हणजे गस्त. गावात हा शब्द काढला की लोक पंपाचा भाव विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.

मी जुन्नरच्या पूर्वेचा, आण्याच्या पठारावरचा. माझा बडी बुधा आंबेगावातल्या आहुप्याचा. बडी म्हणजे जोडीदार. एक झोपला तर दुसऱ्यानं जागायचं. आमच्याकडं पाऊस फिरकत नाही, त्याच्याकडं हटत नाही. यावरून आमची रोज जुंपायची.

आता मुद्द्याचं बोलतो, लाजायचं वय गेलं. त्या हिवाळ्यात माझा उजवा अंडकोष फुगायला लागला. आधी लिंबाएवढा, मग पेरूएवढा. दुखत नव्हता, पण चढावर जड व्हायचा, मांडीला घासायचा. याला हायड्रोसील म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. आरएमओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरला, दाखवलं की ऑपरेशन. मग मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, खाली, आणि नायक होण्यासाठीची कॅडर, म्हणजे बढतीची परीक्षा, हुकली. दुसरी गोष्ट, लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि मूल नव्हतं. तिथं सुरी लागली तर पुढं काय?

म्हणून मी स्वतःच डॉक्टर झालो. प्रत्येक जवानाच्या खिशात एक सीलबंद फील्ड पट्टी असते. जखमी झाला तर त्याला त्याचीच पट्टी आधी बांधायची, असा नियम. मी माझी फोडली. आतली गादी फेकली आणि लांब पट्टीचा आधार करून लंगोटाखाली गुंडाळला. रिकाम्या पाकिटात रुमाल कोंबला. वरून चाचपलं तर कुणाला कळणार नाही. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

बुधाला मात्र चार दिवसांत कळलं.

"काय राव, घोड्यावरून उतरल्यागत चालतोस?"

मी सांगून टाकलं. तो हसून हसून खालीच बसला.

"अरे, माझ्या चुलत्याला व्हतं हे! पाणी असतंय त्यात. तुमच्या आण्याला प्यायला पाणी न्हाई, अन् तू हितं तळं बांधलंय व्हय!"

"बोंबलू नको. चुलत्यानं काय केलं?"

"घोडेगावला नेऊन काढलं. त्याच्यानंतर दोन पोरं झाली त्याला. जा गुमान साहेबाकडं."

"तुझा चुलता कुठं कॅडरला बसला होता?"

 मी लंगोटाखालची पट्टी आणखी घट्ट आवळली.

पुढच्या आठवड्यात नायब सुभेदार साहेबांबरोबर आम्ही सहा जण पेट्रोलला निघालो. सकाळी नऊ चाळीसला बुधाचा पाय बर्फावरून सटकला. दहा फूट खाली खडकावर पडला. मांडी फाटली, बर्फ लाल झाला. साहेबांनी त्याच्या खिशातली पट्टी बांधली. मिनिटात ती भिजली, वरून स्वतःची बांधली तीही भिजली, आणि बाकीचे पुढं निघून गेले होते.

"अजून एक पट्टी! आणेकर, तुझी काढ!"

मी तसाच उभा.

"ऐकू येत न्हाई का?"

"साहेब, पट्टी वापरात आहे."

"कुणाच्या?"

मी पाठ फिरवली आणि पट्टा सोडला. कपड्यांचे चार थर, बोटं गारठलेली, गाठ सुटेना. मागून बुधाचा आवाज आला, "साहेब, ती नको! त्यापरीस मरतो मी." ओठ निळे पडले होते, तरी हसत होता. साहेब हसले नाहीत. शेवटी गाठ सुटली, मी पट्टी ओढून काढली.

"आधी बांधलेल्या तशाच राहू दे. ही वरून कस."

मी कसली. रक्त थांबलं. पण त्यात जी दोन मिनिटं गेली, ती माझ्यामुळं गेली. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही.

साहेबांनी रेडिओ उचलला. "वन कॅज्युअल्टी. मांडीला जखम. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"स्ट्रेचर निघालं. पट्ट्या पुरल्या का? ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "पुरल्या. आउट."

स्ट्रेचरवर बुधानं माझी बाही धरली. "तू बी चल. न्हाईतर मी टाके घालून घ्यायचो न्हाई."

"कॅडर?"

"आज मी गेलो असतो तर कॅडर घेऊन काय केलं असतंस?"

दुपारी अडीचला मी आरएमओ साहेबांसमोर उभा होतो. त्यांनी टॉर्च लावला, उजेड आरपार दिसला. "पाणी आहे. मूल होण्याशी याचा संबंध नाही. काही आठवडे कॅटेगरी खाली, मग परत वर. कॅडर पुढच्या बॅचला. करायचं?"

"करा साहेब."

अर्ध्या तासाचं काम, आणि त्यापायी मी हिवाळाभर झुरलो होतो! वॉर्डात आमच्या खाटा शेजारी होत्या. बुधा येईल त्या नर्सला सांगायचा, "आण्याचं धरण फुटलं बरं का, सिस्टर." हसलं की माझे टाके ओढायचे. मी हात जोडायचो, तो आणखी बोलायचा.

पुढं मी नायक झालो, मुलगी झाली, हवालदार झालो. पेट्रोलला निघताना बुधा दरवेळी खिसा थोपटायचा. "आणेकर, तुझी पट्टी हाय माझ्याकडं." मी म्हणायचो, पुरे की आता.

दुसऱ्यांदा त्याच डोंगरांवर गेलो तेव्हा सकाळच्या पेट्रोलवर हिमकडा कोसळला. त्यात बुधा गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. सेक्शन कमांडर मीच, म्हणून त्याच्या सामानाची यादी मला करावी लागली. मी एकेक वस्तू काढून ठेवत होतो, क्लार्क लिहीत होता. घड्याळ एक. पेन एक. बायकोचं पत्र एक.

"फील्ड पट्टी एक," क्लार्कनं न बघताच लिहिलं.

"दोन," मी म्हणालो.

"हवालदार साहेब, जवानाला एकच मिळते."

दोन्ही माझ्या हातात होत्या. दोन्ही सीलबंद.

"दोन लिही," मी म्हणालो. "एक त्याची आहे, एक माझी."