आठ हजार दोनशे फेरे

वडशात पंख्यांची आणि पाण्याच्या मोटारींची वाइंडिंग करणारी बाई एकच, रंभा. पण दुकानाची पाटी वाचाल तर 'लटारू वाइंडिंग वर्क्स'. पाटी रंगवली तेव्हा नवऱ्याचं नाव टाकायचं की तिचं, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. लटारूला वाइंडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. तो हिवाळाभर, गावोगावी मंडपात रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत बास गिटार वाजवतो. वाजवतो गोड, हे रंभाही कबूल करते. पण ती गिटार वाजती ठेवली कोणी?

बल्लारपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून आणलेली जुनी गिटार ती. मंडपात जनरेटर सुरू झाला की घूंऽ करत बसायची. नायिका रडतेय आणि मागे गिरणी चाललीय! रंभाने ती उघडली, आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, त्याला अर्थिंग दिलं आणि घूं बंद केली. मग पिकअप गेलं, म्हणजे तारांचा थरथराट पकडून अँपकडे पाठवणारी कॉइल. नागपूरचा दुकानदार म्हणाला, फेकून द्या. फेकून द्या म्हणे! रंभाने केसाहून बारीक तार मागवली आणि पंख्याच्या कॉइली गुंडाळायच्या मशीनवर तिचे आठ हजार दोनशे फेरे घातले. तीनदा तार तुटली, तीनदा तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. चौथ्यांदा जमलं, आणि असा आवाज निघाला की मंडपातल्या शेवटच्या माणसाच्याही पोटात घुमायचा. दवाने गिटारची मान वाकली की चावी फिरवून सरळ करायची, तारा सुरात लावून द्यायच्या, तेही तिनेच. लटारूच्या गळ्यात पडायची ती तयार गिटार.

दुसऱ्या नाटक कंपन्यांचे वादक विचारू लागले, भाऊ, हा आवाज आणला कुठून? लटारू हसायचा. नुसता हसायचा! 'बायकोनं केलं' एवढं म्हणायला याच्या जिभेला काय फोड आला होता?

यंदा दिवाळीनंतर कंपनीचे मालक रामाजीभाऊ यांनी पहिल्या तालमीच्या दिवशी, दुपारी, सगळ्या कलावंतांसमोर लटारूचा सत्कार ठेवला. पत्रिकेत छापलं, 'झाडीपट्टीचा बास घडवणारे कारागीर लटारूभाऊ'. रंभाने ती दोनदा वाचली. वाजवणारा म्हणून सत्कार केला असता तर तिनेच हार ओवला असता. पण घडवणारे? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे तुमी सांगतलं का त्याईले?" तिने विचारलं.

"मी काई नाई सांगतलं. त्याईनंच छापलं. आता काऊन वाद घालून राह्यली?"

म्हणजे खोटं बोलला नाही हो माणूस. फक्त खरं बोलला नाही.

सत्काराला रंभाला पहिल्या रांगेत बसवलं आणि हातात ओवाळायचं ताट दिलं. रामाजीभाऊ माइकवर सांगत होते की लटारूभाऊंनी रात्रंदिवस एक करून स्वतःच्या हाताने कॉइल गुंडाळली. लटारूने मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती नम्र! रंभाने ताट खुर्चीवर ठेवलं आणि सरळ मंचावर गेली.

"रामाजीभाऊ, कॉइलले फेरे किती आहेत, विचारा त्याईले."

रामाजीभाऊंनी हसत माइक लटारूपुढे धरला. लटारू शालीची किनार चाचपत राहिला.

"आठ हजार दोनशे," रंभा म्हणाली. "आमच्या धंद्यात मोटार बांधली का आत चिठ्ठी ठेवतेत. तारीख, फेरे, बांधणाऱ्याचं नाव. खोलून पाहा."

ती थांबली नाही. पिशवीतून पेचकस काढला, मंचावर ठेवलेल्या गिटारच्या चारही तारा सैल केल्या, स्क्रू काढले, पिकअप उचललं. खाली पिवळी पडलेली चिठ्ठी होती. तिने न वाचताच ती रामाजीभाऊंच्या हातात दिली. तिच्याच अक्षरातली, तिला काय वाचायची होती!

रामाजीभाऊंनी माइकवर तारीख वाचली. फेरे वाचले, आठ हजार दोनशे. मग चष्मा सारखा करून शेवटची ओळ वाचली.

"लटारू वाइंडिंग वर्क्स."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बारा वर्षं शेकडो पंख्यांत, शेकडो मोटारींत रंभा हेच लिहीत आली होती. दुकानाचं नाव म्हणून, सवयीने. मालकावर चिडली होती, नवऱ्यावर चिडली होती, आणि आता स्वतःच्या उजव्या हाताचा तिला असा राग आला की तो तिने पदराखाली घेतला. मग पुन्हा बाहेर काढला आणि गुपचूप पिकअप बसवून स्क्रू आवळले.

रामाजीभाऊंनी फर्माईश केली, आता लटारूभाऊ, एक होऊन जाऊ द्या. लटारूने गिटार गळ्यात अडकवली. तारा लोंबत होत्या. त्याने एक खुंटी पिळली, तार ओरडली. दुसरी पिळली, ती पहिलीशी जुळेना. टाळ्या विरल्या. शेवटी त्याने गिटार गळ्यातून काढली आणि रोजच्यासारखी मुकाट्याने रंभापुढे धरली.

रंभाने हात मागे घेतले.

"आधी माइकवर सांगा," ती म्हणाली, "कोणाले देऊन राह्यले ते."