होडीच्या फॉर्ममधला नववा रकाना

सरकारी ऑफिसात कागद आला की त्याच्यावर नंबर पडतो. किश्श्यावर पडत नाही, त्यामुळे तो कुठल्या कपाटात ठेवायचा हे कुणालाच कळत नाही आणि तो आपल्या डोक्यातच मुक्काम करतो. माझ्या डोक्यात असे पुष्कळ साठलेत. चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतेच, "सुमती, तुझ्या त्या मासेवाल्या ऑफिसचं सांग ना." मग मी सांगते. रिटायर्ड बाईला दुसरं काम काय!

आमचं ऑफिस नामपल्लीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. शिकार, मासेमारी आणि होड्या यांचे परवाने आम्ही द्यायचो. सुपरिटेंडेंट होते वैजनाथराव. सुलतान बाजारातलं जुनं मराठी घर, तीन पिढ्या सरकारी नोकरीत, आणि उर्दू इतकी साफ की तक्रार घेऊन आलेला माणूस शेर ऐकल्यासारखा मान हलवत परत जायचा. शिकारीच्या टेबलावर हमीदभाई. मासे आणि होड्या माझ्याकडे.

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून सरकारात आहे." कुठल्या खात्यात, असं कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "पाण्याच्या."

०

नऊ इंचांपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा, असा नियम होता. एकदा एक रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर तणतणत वर आले. तलावावरच्या गार्डनं त्यांना दंड लावला होता. मास्तरांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली, माझ्या टेबलावर उघडली आणि स्वतःची फूटपट्टी लावून दाखवली. शेपटीसकट साडेनऊ! गार्डनं शेपूट सोडून मोजला होता, तेव्हा तो आठ भरला होता. नियमात शेपटीचा उल्लेखच नव्हता.

वैजनाथरावांनी नियम तीनदा वाचला आणि वरच्या ऑफिसकडे मार्गदर्शन मागणारं पत्र लिहायला घेतलं. अशा पत्राच्या खाली 'सोबत' असं लिहून जोडलेले कागद नोंदवायचे असतात. तिथे त्यांनी सवयीनं लिहिलं, "मासा, एक." हमीदभाईंनीही सवयीनं मासा जाड पाकिटात घातला, लाखेचं सील मारलं आणि डाकेत दिला. त्या दिवशी शुक्रवार होता.

वरच्या ऑफिसचं उत्तर यायला एरवी चार महिने लागायचे. हे मंगळवारी आलं. "शेपूट धरावी. सहपत्र परत पाठवत आहोत."

०

हमीदभाईंच्या टेबलाची गंमत वेगळीच. शिकारीवर बंदी येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण टेबल बंद करायचा आदेश काही आला नव्हता. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते एक तक्ता भरायचे. दिलेले परवाने, निल. मारलेली हरणं, निल. रानडुकरं, निल. वाघ, निल. अक्षर असं की फ्रेम करून लावावं. भरून झालं की मला दाखवायचे आणि म्हणायचे, "देखो बाई, पूरा जंगल सलामत है."

मुलीच्या लग्नासाठी ते एकदा महिनाभर रजेवर गेले. तक्ता पाठवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लगेच वरून मेमो. मागील महिन्याचा तक्ता मिळाला नाही, सबब त्या महिन्यात किती प्राणी मारले व कुणाच्या परवानगीनं, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

हमीदभाई लाडूंचा डबा घेऊन रुजू झाले, तो समोर हा मेमो. त्यांनी तो वाचला, घाम पुसला आणि म्हणाले, "साब, शादी में छे बकरे कटे. लिख दूं?"

"बकरा यादीत येत नाही हमीदभाई," वैजनाथराव म्हणाले. "निल लिखो."

तेव्हापासून हमीदभाई रजेवर जायच्या आधीच पुढच्या महिन्याचा तक्ता भरून ठेवायला लागले.

०

मग ते पेपरात रोज यायला लागलं. परवाना राज संपलं, दिल्लीनं लायसन्स काढून टाकली. हमीदभाईंनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "बाई, परवाना खतम बोले तो अपना क्या? अपन तो परवानेच देते." मग मी ती तिसऱ्यांदा, स्वतःसाठी वाचली. घराचा हप्ता नुकताच सुरू झाला होता.

त्याच आठवड्यात कुकटपल्लीचे एक कारखानदार आले. नट-बोल्टचं युनिट होतं. गळ टाकून बसलेले असताना विनापरवाना सापडले होते. माझ्या पुढ्यात त्यांनी पेपरचं कात्रण आपटलं. "मॅडम, दिल्लीने लायसन्स हटा दिया. अब आप कौन?"

वैजनाथराव आतून आले, चष्मा लावून त्यांनी कात्रण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी केली आणि अदबीनं परत दिलं. "जनाब, इसमें कारखाने का लिखा है. मछली कारखाने में नहीं बनती."

कारखानदारांनी मुकाट फॉर्म भरला. परवाना कधी मिळेल, असं विचारलं तेव्हा मी सांगितलं, आठ दिवस. जाताना ते जिन्यात स्वतःशीच बोलत होते. "मशीन का लायसन्स माफ, और मछली का आठ दिन!"

आमची टेबलं वाचली, पण नवी भरती बंद झाली. होड्यांचे इन्स्पेक्टर रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. यापुढे होड्यांची तपासणी सुपरिटेंडेंटनी जातीनं करावी, असा आदेश आला. तो वाचून वैजनाथरावांनी पाणी मागितलं आणि प्यायले नाहीत. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

०

आता यादय्याचं सांगते.

यादय्या कुकटपल्लीच्या पलीकडच्या एका तलावावरचा. बापजाद्यांपासून मासे धरायचा. आजूबाजूला कॉलन्या झाल्या, त्यांचं सांडपाणी तलावात आलं, मासे कमी झाले. पण त्याच कॉलन्यांतले लोक रविवारी काठावर यायला लागले आणि होडीतून फिरवून आण म्हणायला लागले. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, नरसम्मानं, वर्षभर राबून सहा माणसांची होडी बांधली. आता हवा होता प्रवासी परवाना.

घाई अशासाठी की एप्रिलपासून तलावाचा घाट मोटरबोटीच्या ठेकेदाराकडे जाणार होता. मार्चअखेर ज्याच्या हातात परवाना असेल त्याची होडी घाटावर राहील, बाकीच्यांनी होड्या काढून न्यायच्या. आणि मार्चअखेरच वैजनाथराव रिटायर होणार होते. त्यांच्यानंतर ही जागाच रद्द. म्हणजे सही मिळाली तर त्यांचीच, नाहीतर कुणाचीच नाही.

तपासणीचा नियम कुण्या काळी कुणी केला, देव जाणे. अधिकाऱ्यानं भरलेल्या होडीत स्वतः बसून पलीकडच्या काठाला जायचं आणि परत यायचं. मग नऊ रकान्यांचा फॉर्म भरायचा. नववा रकाना होता, 'तपासणीच्या वेळी बुडालेल्यांची संख्या.'

फाइल आत गेली आणि शेऱ्यासह बाहेर आली. "दोर कमी लांबीचा." यादय्यानं नवा दोर आणला. "होडीचा क्रमांक दोन लिप्यांत हवा." यादय्यानं रंगवून घेतला. "घंटा नाही." त्यानं बकरीच्या गळ्यातली बांधली. "घंटा शंभर यार्डांवर ऐकू यावी." तेव्हा तो एका बंद पडलेल्या शाळेची पितळी घंटा खांद्यावर घेऊन आला आणि साहेबांना ऐकवायची म्हणून आमच्या जिन्यात वाजवली. तिन्ही मजल्यांवरचे लोक डबे उघडून बसले, तेव्हा अकरा वाजले होते.

असे आठ महिने गेले. यादय्या कधी चिडला नाही. दर वेळी म्हणायचा, "हौ सार, करता." चिडले मी. मला वाटलं, साहेबांना काहीतरी हवंय. हमीदभाईंना तसं म्हटलं, तर ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. "तौबा करो बाई. साब दूसरे के चाय कू हात नहीं लगाते."

०

फेब्रुवारीत गच्चीवरची टाकी फुटली. जिन्यातून पाणी आलं आणि आमच्या खोलीत घोट्याएवढं साचलं. आम्ही पदर खोचून, पँटी दुमडून खालच्या कप्प्यातल्या फायली वर टाकत होतो. तेवढ्यात माझं लक्ष साहेबांच्या केबिनकडे गेलं.

वैजनाथराव टेबलावर मांडी घालून बसले होते. बूट मांडीत. एका हातानं खिडकीचा गज घट्ट धरलेला, दुसऱ्या हातानं सह्या करत होते. सह्या सगळ्या वाकड्या. मी म्हटलं, "साहेब, उतरा, पाणी ओसरतंय." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी इथंच बरा आहे." पाणी पूर्ण निघून फरशी वाळेपर्यंत, म्हणजे दुपारी तीनपर्यंत, ते तिथेच होते.

बाहेर येऊन मी हमीदभाईंकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "बीस साल से मालूम है, बाई. बोलना नक्को."

आठ महिने मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याची मला त्या दिवशी कीव आली. पण यादय्याची होडी माझ्या किवेनं घाटावर राहणार नव्हती.

०

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यादय्या येऊन बाकावर बसला, तो उठेचना. "अम्मा, आप बोलो साब से. ठेकेदार का आदमी आके होडी निकालो बोला. सब तो करा मैं. अब और क्या करना?"

मी फाइल घेऊन सरळ आत गेले. "साहेब, दोर झाला, नंबर झाला, घंटा अख्ख्या बिल्डिंगनं ऐकली. आता काय राहिलंय?"

वैजनाथरावांनी फाइल उघडली, एकेक शेरा वाचला, प्रत्येकासमोर टिक केली. मग चष्मा काढला.

"सुमतीबाई," ते म्हणाले, "आता फक्त मी राहिलोय."

मी फाइल तिथेच ठेवून बाहेर आले.

०

शेवटच्या दिवशी अकरा वाजता निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, झेंडूचा हार. भाषणाला साहेब उभे राहिले आणि एकच वाक्य बोलले. "जीप काढायला सांगा."

हार गळ्यात तसाच. फॉर्म हमीदभाईंच्या हातात. तलावावर पोचलो तर यादय्या होडी धुवून पुसून उभा. साहेब, मी, हमीदभाई, जीपचा ड्रायव्हर, नरसम्मा आणि तिचा भाऊ, असे आम्ही सहा बसलो. वैजनाथराव मधोमध. त्यांनी हमीदभाईंचं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

होडी काठापासून सुटली तशी त्यांनी तपासणी सुरू केली, डोळे मिटूनच.

"दोर?"

"है सार," यादय्या वल्ही मारत म्हणाला.

"क्रमांक?"

"है सार, दोनों तरफ."

"घंटा?"

नरसम्मानं घंटा वाजवली. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

विचारायचं होतं ते पलीकडचा काठ यायच्या आतच संपलं. साहेबांचे ओठ पांढरे पडले होते, हाराची फुलं एकेक करून गळत होती. यादय्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि वल्ही न थांबवता म्हणाला, "सार, फिर से पूछो. मैं बोलता."

"दोर?" साहेबांनी विचारलं.

"है सार."

परत येईपर्यंत तो दोर, तो क्रमांक आणि ती घंटा त्यांनी निदान दहा वेळा तपासली असेल. यादय्यानं प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं. मी पाण्याकडे बघत बसले.

काठावर उतरल्यावर साहेबांना उभं राहायला जरा वेळ लागला. मग त्यांनी हमीदभाईंना वाकायला सांगितलं, त्यांच्या पाठीवर फॉर्म ठेवला आणि पेन उघडलं. पहिले आठ रकाने भराभर भरले. नवव्यावर पेन थांबलं.

हमीदभाई वाकलेले होते, त्यांना काही दिसत नव्हतं, पण सवय वीस वर्षांची. खालूनच म्हणाले, "निल, साब."

पेन तरी हलेना. यादय्या हात जोडून उभा होता. वैजनाथरावांनी एकदा तलावाकडे पाहिलं, एकदा आपल्या कोरड्या बुटांकडे पाहिलं.

"मुझे मिलाके?" त्यांनी विचारलं.

"हौ साब," हमीदभाई म्हणाले. "आप कू मिलाके."

वैजनाथरावांनी सावकाश, हमीदभाईंना लाजवील अशा अक्षरात लिहिलं, निल. आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.