आजारी पडायचं तर न्यू यॉर्कमध्ये

"अल्सरेटिव्ह कोलायटिस," मॅनहॅटनमधले डॉक्टर म्हणाले. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. शौचातून पडणारं रक्त मी तीन महिने मूळव्याध समजून अंगावर काढलं होतं. तुम्ही काढू नका.

पुढचे उपचार डॅनाकडे होते. ती फिजिशियन असिस्टंट. डॉक्टर नाही, पण डॉक्टरांच्या टीममध्ये राहून रुग्ण तपासते, औषधं लिहून देते. दर पंधरवड्याला मी ऑफिसमधून, म्हणजे मॅनहॅटनमधून, तिला व्हिडिओ कॉल करायचे.

मार्चमध्ये आजार उसळला. दिवसाला चौदा वेळा संडास. ऑफिसला जाणं बंद, कॉल घरून. डॅनाने विचारलं, "आत्ता कुठे आहात?" मला वाटलं, विचारपूस. म्हटलं, "घरीच, जर्सी सिटीत."

तिचा चेहरा उतरला. जर्सी सिटी मॅनहॅटनपासून एका नदीपलीकडे, पण राज्य वेगळं, न्यू जर्सी. रुग्ण ज्या राज्यात बसलाय, तिथलं लायसन्स लागतं. तिचं फक्त न्यू यॉर्कचं. ताप आला तर इमर्जन्सीत जा, एवढंच सांगून तिला कॉल बंद करावा लागला. जर्सीचं लायसन्स असलेलं तिथे कोणीच नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या शुभदाकाकू नागपूरच्या. त्यांच्या गुडघ्याचे सगळे कॉल कागदोपत्री मॅनहॅटनमध्येच झालेत. म्हणाल्या, "एवढं शिकलीस, पण खोटं बोलायचं राहूनच गेलं बाप्पा तुझं."

पण पकडलं गेलं तर लायसन्स डॅनाचं जाणार, माझं आतडं नाही. दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली आणि काकूंना घेऊन ट्रेनमध्ये बसले. त्या ट्रेनला संडास नाही. नदीखालच्या बोगद्यात मला आवरलं नाही. काकूंनी शाल काढून माझ्या कमरेला गुंडाळली आणि डब्यावर अशी नजर फिरवली की सगळे आपापल्या फोनमध्ये शिरले.

पलीकडे मॅनहॅटनमध्ये उतरून एका कॉफी शॉपच्या संडासातून कॉल केला. "कुठे आहात?" "न्यू यॉर्क." डॅनाने स्टेरॉइड वाढवलं, रक्ततपासणी लिहिली. सात मिनिटं लागली.

आता इंजेक्शनवर बरी आहे. डॅनाची आणि काकूंची ऋणी आहे. कायद्याची नाही. तुम्ही अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, समोरच्याचं लायसन्स कुठल्या राज्याचं. आणि एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यातला रुग्ण बघू देणारा करार आपल्या राज्याने करावा, म्हणून आमदाराला पिडा.

मी पिडते. मागच्या भेटीत आमदाराच्या सहायकाने बजावलं, दोन मिनिटं आहेत, नको ते तपशील टाळा.

मी ट्रेनच्या डब्यापासूनच सुरुवात केली.