ते नाव कुणी ठेवलं

खेळाच्या बाईंना शाळेत अठ्ठावीस वर्षं झाली होती. आवाज खणखणीत, जीभ तिखट. मुलांना टोपणनावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर्ग खो खो हसायचा आणि बाईंना वाटायचं, पोरं आपल्यावर जीव टाकतात.

एक दिवस नववीतल्या दोन मुलींची पाण्याच्या नळापाशी जुंपली. एकीनं दुसरीला ढकललं. नळावर आपटून तिचा पुढचा दात निम्मा तुटला. वर्गात दोन तट पडले, रोज नवी कुरबूर सुरू झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शिक्षा करून झाल्या. आता भांडणं कुठून सुरू होतात, ते मुलांनाच विचारा. तुमचं ऐकतात ती."

बाईंनी बुटांचं रिकामं खोकं वर्गात फिरवलं. चिठ्ठी लिहायची, खाली नाव घालायचं नाही. मधल्या सुट्टीत साहित्याच्या खोलीत, चटयांच्या गठ्ठ्यावर बसून त्या एकेक उघडू लागल्या. तिसऱ्या चिठ्ठीला हसू मावळलं. सातव्या चिठ्ठीला त्यांनी उठून दार लोटून घेतलं. चाळीसपैकी एकवीस चिठ्ठ्या बाईंबद्दलच होत्या.

'बाई नाव ठेवतात, मग सगळे तेच म्हणतात.' 'संघ पाडताना मी नेहमी शेवटी उरतो आणि बाईपण हसतात.' आणि एक, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेली: 'दोन वर्षं मी पोतं आहे. नळावर ती पोतं म्हणाली म्हणून मी ढकललं. पण ते नाव तिनं नव्हतं ठेवलं.'

बाईंनी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. ते नाव आपण ठेवलं होतं, हे त्यांना आठवतही नव्हतं.

घरी गेल्या गेल्या त्यांनी नवऱ्याला विचारलं, "ढोल्या, इतकी वाईट आहे का रे मी?"

तो शेंगा सोलत होता. "वाईट नाहीस गं. पण ढोल्या म्हटलेलं मला आवडतं का, हे कधी विचारलंस?"

बाई त्याच्या शेजारी बसून शेंगा सोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर वीस चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. एक तेवढी मुठीत ठेवली. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, माझी नाही वाचलीत. पोत्याची. वाचा ना."

बाईंनी मूठ उघडली. मुलीनंच पुढे येऊन ती वाचली.

तुटक्या दाताची मुलगी ताडकन उठली. "पण तू पण हसायचीस की! मला वाटलं, तुला गंमत वाटते."

"हसले नाही तर जास्त चिडवतात."

त्या तासाला कुणी मैदानावर गेलं नाही. मुलांनीच ठरवलं, यापुढे संघ सोडत काढून पाडायचे आणि चिडवलेलं आवडलं नाही तर तिथल्या तिथे सांगायचं, अगदी बाईंनासुद्धा. पहिल्याच आठवड्यात बाईंना दोनदा ऐकून घ्यावं लागलं. कान लाल झाले, पण त्या 'बरं' म्हणाल्या.

त्या दोघींची मैत्री काही झाली नाही. पण महिन्याभरानं सोडतीत दोघी एकाच संघात आल्या. आता संघ बदलून मागतील, म्हणून बाई धास्तावून थांबल्या. कुणीच मागितला नाही.