पहिली टाकी वाऱ्याची

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस सबंध वसईत झाला नसेल. माणसांवर मात्र त्यांचा भाबडा विश्वास. संशय सगळा पाइपच्या जोडांवर. पेशाने गवंडी, गोबरगॅस बांधण्यात हातखंडा, आणि खिशात कायम साबणाच्या पाण्याची बाटली अन् दाढीचा ब्रश. प्रत्येक जोडाला फेस फासायचा आणि उकिडवं बसून एकटक बघायचं. बुडबुडा फुगला की जोड गळका. तो ब्रश त्यांनी स्वतःच्या दाढीला कधी लावला नसावा, हे गालांकडे बघून कळायचं. लग्नाला गेले तरी आधी आचाऱ्याच्या सिलिंडरला फेस, मग नवरानवरीची भेट. आचारी वैतागायचे, पण मामांना त्याचं काही नसे.

सरकारी योजनेचे ते दिवस. गोबरगॅसचं अनुदान मिळायला काम पुरं झाल्याच्या कागदावर मिस्त्रीची सही लागायची. बाकीचे मिस्त्री विटा सुकायच्या आत सह्या ठोकत. मामा मात्र लोकांना महिनाभर ताटकळत ठेवत. एकदा साहेब जीपमधून आले आणि मार्चच्या आत सगळी कामं पुरी दाखवायचीत म्हणून गळ घालू लागले. मामा जोडावरची नजर न हलवता म्हणाले, "साहेब, शेनाला मार्च कळत नाय."

त्यांचा सगळ्यात जाचक नियम वेगळाच होता. शेणकाल्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी पहिल्यांदा गॅसने भरून वर आली की तो गॅस पेटवायचा नाही. त्यात आतली हवा मिसळलेली असते, भडका आत शिरला तर टाकीच फुटते. "पहिली टाकी वाऱ्याची," म्हणत ते सगळा गॅस सोडून देत आणि टाकी पुन्हा भरेपर्यंत घरच्यांना चुलीशीच बसवत.

वटारच्या आमच्या वाडीत त्यांनीच गोबरगॅस बांधला. शनिवारी टाकी डुलत वर आली आणि मी, चांगला शिकलासवरलेला शाळामास्तर, उतावळा झालो. दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या मिस्सेनंतर फादर आशीर्वाद द्यायला येणार होते, आवतणं गेली होती, पहिला चहा नव्या शेगडीवर व्हायचा होता. मामा म्हणाले, "आशीर्वाद पुढच्या रविवारी ठेवा. आज वारा सोडतो." मी म्हणालो, "मामा, तो साबण जरा स्वतःच्या डोक्याला लावा." सगळे हसले. मामा रागावले नाहीत. "मंग सही करनार नाय, जावयबापू," एवढंच बोलले.

तरी रविवारी आले, बाटली घेऊन. फादरांनी प्रार्थना सुरू केली. आमच्याकडे आशीर्वाद म्हटला की मेणबत्ती आलीच, मग घर असो की होडी. ती पेटवून माझी आई टाकीशी उभी होती आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. एक मामाच "मेनबत्ती इजवा" म्हणत पुढे येत होते. तेवढ्यात मला अक्कल सुचली, की पाहुण्यांना गॅसचा आवाज ऐकवावा. मी टाकीवरचा कॉक फिरवला. आई कौतुकाने वाकली आणि कॉकच्या तोंडाशी ज्वाळा उभी राहिली.

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. मामांनी आईला मागे लोटलं आणि त्या ज्वाळेत दोन्ही हात घालून कॉक बंद केला.

इस्पितळात त्यांच्या उशाशी बसून मी रडलो. त्यांनी मला शिव्या घालायला हव्या होत्या. ते म्हणाले, "तुमच्या आईला नाय ना लागलं? आनि वारा सोडला का?"

जखमा भरल्या, पण बोटं वळायची थांबली. थापी सुटली ती कायमची. हिंडायला लागल्यावर मामा आमच्याकडे आले. ब्रश दोन मनगटांत धरून त्यांनी एकेका जोडाला फेस लावला, सगळे जोड तपासले आणि मग कागद मागितला. पेन धरता येईना, म्हणून मी त्यांच्या अंगठ्याला शाई लावली.

कचेरीतून कागद परत आला. अंगठ्याला रेघा नाहीत, कुणाचा ते कळत नाही, असा शेरा होता. मी तो पुन्हा पाठवलाच नाही.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेगडी पेटवण्याआधी मी अजून जोडांना फेस लावतो, त्यांच्याच ब्रशने. आणि कधीतरी तो कागद काढून बसतो. त्यावर एक काळा, गुळगुळीत ठिपका आहे. साबणाबद्दल बोललो त्याची माफी मागायची राहूनच गेली.